सव्वीस साचे शामकलाच्या हवाली

हे मृत्युपत्र मी कोंबड्यांमुळे लिहीत आहे.

गेल्या महिन्यात, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, माझा पुतण्या भोजराज याने भट्टीच्या मांडवातून मातीचा एक साचा उचलला, त्यात पाणी भरले आणि परसात कोंबड्यांपुढे ठेवला. साचा सारसाचा होता. चार दिवस कोंबड्या सारसाच्या मानेतून पाणी पीत होत्या. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, त्यामुळे मला ते दिसले नाही. पाचव्या दिवशी पाय लागला तेव्हा कळले.

"हे काय आहे?" मी भोजराजला विचारले.

"कोंबड्याइचं भांडं, काकी."

"हा साचा आहे."

"मंग फुटला त नाही न. धुऊन देतो."

साच्यात मुरलेले पाणी महिनाभर सावलीत वाळवून काढता येते. चोचींनी पडलेले खळगे काढता येत नाहीत. काच त्या खळग्यांत शिरून बसते आणि साचा फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. हे भोजराजला ठाऊक नाही, घरात कोणालाच ठाऊक नाही. सत्तावीस साच्यांतला एक असा गेला. उरलेले सव्वीस माझ्या मागे कोंबड्या, बकऱ्या आणि तुळशी यांच्यात वाटले जातील, हे मला त्या दिवशी समजले. होळीनंतर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जायचे आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. ते सर्वांनाच तसे म्हणत असावेत. म्हणून जाण्याआधी लिहिते.

मी, सुशिलाबाई, कै. केशोराव डोंगरवार यांची विधवा, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार नवेगाव बांध, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी व्हावी ते येथे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला धमकावलेले नाही, कोणी माझ्यापुढे रडलेले नाही. अक्षर मोठे आहे आणि ओळी उताराला लागल्या आहेत, त्याचे कारण डोळे. हात माझाच आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे केले तर ते याहून रागात केलेले असेल, तेव्हा हेच खरे धरावे.

कलम पहिले. घर.

तलावाच्या पाळीखालचे, म्हणजे बांधाखालचे, माझे तीन खोल्यांचे घर, परस व दोन्ही बैल भोजराज वल्द बिसराम डोंगरवार, माझ्या दिराचा मुलगा, याला द्यावेत. भोजराज वाईट नाही. एखाद्या वस्तूकडे दुसऱ्यांदा पाहण्याची त्याला सवय नाही, एवढेच. पितळेची भांडी त्याच्या बायकोची. तिने ती आपली समजून आधीच घासून ठेवली आहेत.

घराला एक अट आहे. पूर्वेच्या दोन खिडक्यांत ओतीव काचेचे नऊ नग बसवले आहेत, ते काढू नयेत, विकू नयेत, पाहुण्याला भेट देऊ नयेत. सकाळी ऊन तलावावरून वर चढते तेव्हा समोरच्या भिंतीवर हिरवे-जांभळे पाणी हलू लागते. कमळाची पाने भिंतभर तरंगतात. एक मासोळी कोनाड्यावरून पोहत येते आणि माझ्या अंथरुणापाशी विरते. आता मला खिडकी नीट दिसत नाही, नगही दिसत नाहीत, पण भिंतीवरचे ते पाणी दिसते, आणि पूर्वीपेक्षा जास्त दिसते. मोतीबिंदूने कडा पुसल्या आहेत आणि रंग ठेवले आहेत. पुष्कळदा मी अर्धवट झोपेत भिंतीकडे पाहत पडते. वाटते, हे घर तलावाच्या तळाशी आहे, वरून सारसांची जोडी सावकाश चालली आहे, आणि त्यांच्या लांब पायांच्या सावल्या आढ्यावर पडत आहेत. मग भोजराज परसात शिंकतो.

नग काढले तर घर शाळेला जाईल.

कलम दुसरे. डाकघरातले पैसे, पुस्तके, माझी क्रिया.

डाकघरात माझ्या नावे जे असेल त्यातून क्रियेला लागेल तेवढेच खर्चावे. जेवणावळ करू नये. बाकी सर्व इथल्या शाळेच्या मुलींच्या वर्गाला द्यावे. शालीकराम मास्तरांनी हिशेब ठेवावा आणि माझी तसबीर लावू नये.

पुस्तके शाळेलाच द्यावीत. त्यांतली रसायनाची माझी हाताने लिहिलेली वही मात्र मास्तरांनी स्वतःजवळ ठेवावी आणि कलम सहामध्ये जिचे नाव येईल तिने मागितली की तिला वाचून दाखवावी. मी नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षे होते, त्याला त्रेचाळीस वर्षे झाली. वर्गात बाई मी एकटी. माझे बाक दाराला लागून, बाकीच्यांपासून वेगळे असे, त्यामुळे सगळे प्रयोग मी लांबून पाहिले. नापास झाले नाही, लग्न झाले. लांबून लक्षपूर्वक पाहण्याची ती सवय पुढे भट्टीपाशी उपयोगी पडली.

कलम तिसरे. साचे कोणाचे आहेत.

जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत दारावर, देवघरात, दिव्याच्या कोनाड्यात आमच्या भट्टीतली काच आहे, आणि ती सुशिलाबाईंची काच म्हणून ओळखली जाते. हे खरे नाही. आधी ते सांगते.

सन १९१८ च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत यजमान गेले. ते इथल्या शाळेचे हेडमास्तर होते. दहाव्या दिवशी बायकांनी मला तलावावर नेले आणि माझी काकणे दगडावर फोडली. तुकडे पाण्यात सोडायची रीत आहे. मी सोडू दिले नाहीत. त्यात बंडखोरी काही नव्हती. काठच्या पाण्यात पोरे शिंगाडे काढायला उतरतात, त्यांच्या पायात काच जाते. मी तुकडे पदरात बांधले. परत येताना बकाराम कुंभाराच्या दारात थांबले, तिथे राखेत एक कच्ची पसरट वाटी पडली होती, तिच्यात ते ठेवले, आणि विसरले. बकारामने न पाहता ती वाटी आव्यात, मडकी भाजायच्या भट्टीत, रचली.

तीन दिवसांनी तो ती वाटी घेऊन दारी आला.

"बाई, तुमची काकनं पानी होऊन गेली."

वाटीच्या तळाशी हिरवी नितळ काच बसली होती. त्याने वाटी उपडी केली. वाटीला राख लागलेली असल्यामुळे काच चिकटली नव्हती. ती अलगद त्याच्या तळहातावर उतरली. वाटी घडवताना आत उमटलेल्या त्याच्या बोटांच्या रेषा काचेवर उठल्या होत्या. मी ती उन्हात धरली. चौदा वर्षांचा संसार हातात मावत होता आणि त्यातून तलाव दिसत होता. मी तोवर रडले नव्हते, तेव्हाही रडले नाही. मी विचारले, "ही वाटी पुन्हा वापरता येईल?"

"कायले नाही येनार? वाटी त जशीच्या तशी आहे."

तिथून फुटक्या काकणांच्या काचेचे काम सुरू झाले. पुढच्या एकोणीस वर्षांत जे साचे झाले ते सगळे बकारामच्या हातचे. तलावाची काळी माती, तिच्यात जुन्या खापरांचा भुगा, म्हणजे साचा भट्टीत पुन्हा पुन्हा जाऊन टिकतो. कडा उतरत्या, म्हणजे काच निसटून येते. सर्वांत खोल जागी बारीक छिद्र, म्हणजे कोंडलेली हवा निघते. दर वेळी आतून छुईचे पाच पातळ हात. छुई म्हणजे आपण भिंती सारवतो ती पांढरी माती. हे मी रसायनाच्या पुस्तकात शोधत होते तेव्हा त्याने ते करून ठेवलेले असे. कोणत्या साच्यात किती काच लागेल हे काढण्यासाठी मी साच्यात पाणी भरून, ते तोलून, काच पाण्याच्या अडीचपट जड म्हणून अडीचपट करत असे. बकाराम ओंजळीने घाली. पहिल्या वर्षी मी त्याच्या ओंजळी तोलल्या. दुसऱ्या वर्षी तोलणे सोडले.

काच वितळली की भट्टीचे तोंड लिंपायचे, वर धानाचे तूस गाडीभर ओतायचे आणि ते आतल्या आत धुमसू द्यायचे. गोंदियाच्या गिरण्यांत तुसाचे डोंगर पडलेले असतात. चैनलाल गाडीवान ते पोत्यांनी आणून देई. असे पाच दिवस. पाच दिवस भट्टीला हात लावायचा नाही. मी, बकाराम आणि त्याची मुलगी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, ही तिघे मांडवात नुसती बसून आहेत. ते खरेच होते. तुसाचा गोडसर धूर, पाळीवरून येणारा वारा, दुपारची वेळ. माणूस जागा आहे की झोपला हे त्याचे त्यालाच कळत नसे. त्या गुंगीत मला भट्टीच्या आतले दिसे. काच अजून काच झालेली नसे. ती जाड, संथ, उजेडाने भरलेली असे, आणि सारसाच्या पंखात, कमळाच्या देठात, धानाच्या लोंबीत हळूहळू जागा शोधत जाई. मी तिच्याबरोबर जाई. कधी त्या लोंबीच्या आत उभी असे आणि भोवती सगळे शेत हिरव्या काचेचे असे, वाऱ्याने न हलणारे. डोळे उघडले की बकाराम समोर बिडी ओढत बसलेला.

"साचा रिकामा नसते, बाई," तो म्हणे. "त्यात नीज भरून राहते. काच तितं जाऊन निजते. अर्ध्या निजेत उठवली त बिघडते."

बकारामची मुलगी शामकला दहा वर्षांची असल्यापासून माती मळायला येत असे. पुढे लग्न होऊन गेली, दोन वर्षांत नवऱ्याला सोडून परत आली, आणि बापापेक्षा चांगली कारागीर झाली. तुसावर तळहात धरून भट्टी आत किती तापलेली आहे ते ती सांगे. कधी चुकली नाही.

कलम चौथे. श्यामलाल व्यापारी आणि मी.

गोंदियाचा श्यामलाल व्यापारी सहा वर्षे आमची कमळे बेल्जमचा विलायती माल म्हणून विकत होता. मला कळले तेव्हा मी त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांदेखत त्याला खोटारडा म्हटले. तो म्हणाला, "बाईजी, बेल्जम बोललो तर लोक हळू हाताने उचलतात. नवेगाव बोललो तर आपटून बघतात." त्याला माझ्याकडून काही मिळू नये. हा राग मी माझ्याबरोबर नेत आहे.

पण मी काय केले तेही लिहिते. परत आले आणि बकारामला सांगितले, प्रत्येक साच्यात माझ्या नावाची दोन अक्षरे कोर, म्हणजे पुढे कोणी चोरी करणार नाही. त्याला अक्षरओळख नव्हती. मी कागदावर काढून दिली.

"हे उलटं कोरा लागते," तो कागद फिरवून म्हणाला. "त काचेवर सुलटं येते."

त्याने सत्तावीस साच्यांत माझी अक्षरे उलटी, एकही चूक न करता, कोरली. त्याचे नाव कोरावे असे मला सुचले नाही. त्यानेही सुचवले नाही.

कलम पाचवे. वैशाख, सन १९३७.

हे कलम माझ्या मागे नवेगावच्या मंगळवारच्या बाजारात मोठ्याने वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मालगुजार पुरनलाल पटले यांनी मुलीच्या लग्नासाठी घराच्या दारावर बसवायला बारा पाकळ्यांचे कमळ सांगितले होते. बारा नग, एका भट्टीचे, एका रंगाचे. भट्टी लिंपून तिसरा दिवस होता. दुपारी पुरनलालजी व्याह्यांना घेऊन बैलांच्या दमणीतून आले.

"सुशिलाबाई, मेहमान आले आहेत. जरासं दाखवा न. दूरून देखू."

शामकला तुसावर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "बाई, अजून पोळते. दोन दिवस नोका उघडू."

मला ते माहीत होते. काच बाहेरून निवते आणि आतून तापलेली राहते. वारा लागला की तिची दोन्ही अंगे एकमेकांशी भांडतात. हे मीच तिला वहीतून वाचून दाखवले होते. पण समोर तालेवार माणसे होती. आयुष्यभर मी दाराजवळच्या बाकावर बसले, आणि त्या दिवशी सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मी म्हणाले, "तुला काय कळते?" आणि भट्टीचे तोंड फोडले.

एक क्षण ते कमळ होते. तसे काही मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. राखेत बारा पाकळ्या पहाटेच्या पाण्याच्या रंगाच्या, आणि प्रत्येकीत थोडा थोडा उजेड अजून हलत होता. व्याही पुढे वाकले. मग आवाज आला, वाळलेले पान दुमडल्यासारखा. मग दुसरा. बाराही नग एकामागून एक तडकले. आम्हाला सगळे ऐकावे लागले.

पुरनलालजी म्हणाले, "हे कसं झालं?"

मी म्हणाले, "शामकलाने काकणांच्या काचेत बाटलीची काच मिसळली."

दोन जातींच्या काचा एकत्र नांदत नाहीत, फुटतात, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून माझे सर्वांना पटले. पण ती काच ज्याला वाचता येते त्याला तिथेच दिसले असते. मिसळलेली काच जोडाच्या कडेने फुटते. घाईने निवलेली काच सरळ आरपार फुटते, वाटेत काय आहे ते पाहत नाही. बाराही पाकळ्यांना तडा आरपार होता. मी बोलत असताना तो पाहत होते. शामकलाही तोच पाहत होती.

ती एवढेच म्हणाली, "बाई, तुमाले मालूम आहे." आणि हात पुसून निघून गेली.

पुरनलालजींनी ही गोष्ट गावोगाव सांगितली. शामकलाला कोणी काम देईना. कुंभार तिच्याकडून मातीसुद्धा मळून घेईनात. ती गोंदियाला जाऊन बिड्या वळू लागली, अजून वळते. बकाराम त्यानंतर माझ्या मांडवात आला नाही. दोन वर्षांनी तो वारला, मी गेले नाही. मी त्यापुढेही भट्ट्या लावल्या. त्या बऱ्या उतरल्या. पण पाच दिवसांच्या त्या डुलक्या परत आल्या नाहीत. डोळे मिटले की आत अंधार दिसे.

सबब मी लिहून देते की सन १९३७ च्या वैशाखात बारा नग फुटले ते माझ्या घाईने, शामकला हिच्या हातून काहीही चूक झालेली नव्हती, आणि मी जे बोलले ते खोटे आहे हे बोलतानाच मला ठाऊक होते.

कलम सहावे. साचे, हत्यारे, मांडव.

सर्व सव्वीस साचे, लांब चिमटे दोन, तराजू, चाळण्या, काचेची पोती, भट्टी, भट्टीचा मांडव व त्याभोवतीची मोकळी जागा शामकला, बकारामची मुलगी, वय अंदाजे एकोणचाळीस, हल्ली मुक्काम गोंदिया, हिला द्यावी. भोजराजने त्या जागेत कोंबड्या सोडू नयेत.

ही देणगी नाही. बापाचे सामान मुलीला परत जात आहे.

तिने नाकारले तर साचे कोणालाही देऊ नयेत. सगळे फोडावेत, बारीक कुटावेत आणि तलावाच्या पाळीवर पसरावेत, म्हणजे माती मातीच्या कामाला येईल. शामकला घेईल की नाही ते मला माहीत नाही. साच्यांना हात लावणारे दुसरे माणूस या मुलखात नाही. तिने नाही म्हटले तर हे काम माझ्यापाशी संपले आणि माझ्यामुळे संपले, असे समजावे.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शालीकराम मास्तरांनी करावी. त्यांना भीड पडते, म्हणून चैनलालने त्यांच्यासोबत राहावे. त्याला पडत नाही.

हे मृत्युपत्र मी दोघा साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवून सही केले. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही व निशाणी केली.

मुक्काम नवेगाव बांध, शुक्रवार, तारीख ८ फेब्रुवारी १९४६.

(सही) सुशिलाबाई केशोराव डोंगरवार

साक्षीदार:
१. शालीकराम, हेडमास्तर (सही)
२. चैनलाल, गाडीवान (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

पुरवणी. ताबा दिल्याची नोंद.

वरील मृत्युपत्र पेटीत ठेवायचे होते, पण चैनलाल गोंदियाला तूस आणायला गेला असता त्याने शामकलाला ते सांगून टाकले. शनिवारी, १६ तारखेस, ती त्याच्याच गाडीतून आली. मांडवाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. केस पांढरे झाले असावेत. मला तिच्या डोक्याभोवती उजेड दिसला. मास्तरांनी तिला सगळे वाचून दाखवले.

ती म्हणाली, "हे बाजारात कवा वाचनार?"

"माझ्या मागे," मी म्हणाले.

"मंग मले का त्याचं? तुमी गेल्यावर लोक म्हनतील, बुढी भली होती, मरता मरता खरं बोलली. भलेपन तुमालेच. मी बिड्याच वळत राहीन."

मास्तर म्हणाले, "शामकला, बाईंची प्रकृती..."

"मास्तर, तुमी थांबा. बाई, जित्या तोंडानं सांगा. मंग साच्याइचं पाहू."

आणि ती गाडीत जाऊन बसली.

मी दहा दिवस विचार केला. खरे तर विचार एका दिवसात झाला, बाकीचे नऊ दिवस मी भीत होते. दुपारी भिंतीवरचे पाणी ओसरले की बाजारातली तोंडे दिसत, सगळी छुईचा हात दिल्यासारखी पांढरी, डोळे नसलेली. मग मी पुरनलालजींना निरोप धाडला, शामकलाला धाडला, आणि मंगळवारी, २६ तारखेस, चैनलालच्या गाडीवर उभी राहून पाचवे कलम स्वतः सांगितले. कागद हातात होता, दिसत नव्हता. पाठ होता.

मासे विकणारी एक बाई म्हणाली, "मोठ्यानं सांगा, मागं आयकू येत नाही." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

पुरनलालजी पुढे आले. "इतक्या सालांनी, बाई? मी तर गावोगाव सांगितलं होतं."

"म्हणून तुम्हालाच आधी बोलावले."

ते शामकलाकडे वळले. "माझ्याकडून पण चूक झाली, बेटी."

"दरवाजा अजून रिकामाच आहे का, मालक?"

"आहे."

"मंग काच पाठवा. अन् पाहुने नोका आनू."

लोक हसले. ती हसली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "चला, साचे मोजा."

मृत्यूपर्यंत थांबण्याचे कारण उरले नाही, म्हणून कलम सहाचा ताबा माझ्या हयातीतच दिला. तपशील:

साचे एकूण सव्वीस. शामकलाने एकेक उचलून कानाशी धरला आणि बोटाच्या पेराने वाजवला. एकोणीस घेतले: कमळपाकळीचे बारा, पानाचे तीन, मासोळीचे दोन, लोंबीचा एक, पाणकोंबडीचा एक. सात बद्द वाजले म्हणून नाकारले. त्यांतले चार मला चांगले वाटत होते. "तुमाले आता आयकूही कमी येते," ती म्हणाली. ते सातही तिने तिथेच फोडले आणि भुगा नव्या मातीसाठी पोत्यात भरला. भुगा तिचा.

माझी अक्षरे घासून काढावीत, असे मी सांगितले. तिने अंगठा फिरवून पाहिला. "राहू द्या. घासलं त साचा पातळ होते."

चिमटे दोन, चाळण्या तीन, काचेची पोती चार: दिली, घेतली. तराजू दिला, तिने घेतला नाही. भट्टी, मांडव व जागा: दाखवली, हद्दीचे दगड भोजराजसमक्ष पायाखाली घातले. भोजराजने हरकत घेतली नाही. तो शामकलाला घाबरतो, हे चांगले आहे. रसायनाची वही शालीकराम मास्तरांकडे दिली. मागेल तेव्हा वाचायची.

बाजारातून आल्यावर मी शामकलाकडे माफीही मागितली होती. ती साचे वाजवत होती, तिने मान वर केली नाही. सबब माफीबाबत कोणत्याही बाजूने काही देण्यात वा घेण्यात आलेले नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिले.

मुक्काम नवेगाव बांध, बुधवार, तारीख २७ फेब्रुवारी १९४६.

ताबा देणार: (सही) सुशिलाबाई केशोराव डोंगरवार
ताबा घेणार: शामकला, बकारामची मुलगी (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
समक्ष: शालीकराम (सही), चैनलाल (निशाणी अंगठा)